साखर मोजून पाण्यात

दसरा झाला की आमच्या घराला कडी लागायची. शिरूर कासारच्या अलीकडे आमची दीड एकर खडकाळ जमीन, तिच्यात बाजरी आली तर आली. आई-बाप बैलगाडीत भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि धाकटा भाऊ असं सगळं भरून ऊसतोडीला निघायचे आणि मला पालीला मामाकडे सोडून जायचे, कारण मी शाळेत हुशार निघाले होते. हुशार निघण्याची शिक्षा म्हणजे सहा महिने आई नाही. गाडी निघताना आई मागे वळून बघायची नाही. "मागं बघितलं की पाय निघत न्हाई," असं तिनं कितीतरी वर्षांनी मला सांगितलं. तेव्हा मला वाटायचं, गाडीत बसल्या क्षणापासून ती मला विसरली.

मामाकडेही भाकरी वाट्यानंच मिळायची. पण पाली धरणाच्या अंगाला, त्यामुळे तिथल्या विहिरींना पाणी. मामानं माझ्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि एका सकाळी सरळ ढकलून दिलं. आठवड्यानं डबा सुटला. मामाचा पोहण्याबद्दल एकच नियम होता. "भरल्या पोटी इहिरीत उतरायचं न्हाई. पोटात गोळा येतो अन् मानूस तळाला जातं." पाढ्यांसारखा तो मी पाठ केला. मला पाणी आवडायचं ते एवढ्यासाठी, की कान बुडाले म्हणजे मामीचं बोलणं, शेरडांचं ओरडणं, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या घुंगरांचे आवाज, सगळंच बंद व्हायचं. आणि बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले तरी कोणी विचारायचं नाही. पोहून आली, म्हणायचे.

पुढं बीडच्या कॉलेजातून मी बी. कॉम. झाले. आमच्या कुळात पदवी घेणारी मी पहिली. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

यंदा हस्तानं चांगला हात दिला. परवा सकाळी इथं नेकनूरला सासरच्या शेतात गेले तर विहिरीचं पाणी वरून पाचव्या पायरीला लागलेलं. भिंतीतले पारवे जागा बदलून वरच्या कपारीत गेलेले. ओल्या दगडाचा, शेवाळाचा तो गार वास आला आणि मी तिथंच खाली बसले. असंच पाणी सात वर्षांपूर्वी आलं होतं. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते.

त्याच्या आधीची तीन वर्षं विहिरीत बघवत नव्हतं. तळाला फुटकी घागर, कुणाची तरी चप्पल, भिंतीकडेनं वरून तळापर्यंत गेलेला मोटारीचा गंजलेला पाइप. वरून बघितलं की दाताविना तोंड उघडं पडल्यासारखं वाटायचं. मी नेकनूरला दूध संस्थेत कामाला. लग्न होऊन आले त्या वर्षी संस्था निघाली आणि पदवीधर म्हणून मला घेतलं. त्या दुष्काळात संस्थेत येणारं दूध निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. तरी रोज पहाटे जे काय दूध यायचं त्याचं फॅट मी काढायचे आणि ज्याचं त्याला तोंडावर सांगायचे. पाणी असेल तर पाणी आहे म्हणायचे, समोर सरपंचाची सून असली तरी. "मॅडमच्या जिभेला हाड न्हाई," असं लोक म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

पण त्याच तीन वर्षांत मला शुगर निघाली, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. लेकीला पुण्याला फोनवर सुद्धा नाही. मालक जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात मी एकटी. गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यामागं ठेवायची. संस्थेत कुणी चहा दिला तर "आज उपास आहे" म्हणायचं. आठवड्यातून चार उपास व्हायला लागले तेव्हा बायका मला फार देवभोळी समजू लागल्या. दुसऱ्याच्या दुधातलं पाणी चारचौघांत सांगणारी मी, स्वतःच्या रक्तातली साखर डब्यामागं लपवत होते. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

बीडच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. "चाला," म्हणाल्या. मी म्हटलं, गुडघे चालू देत नाहीत. "मग पोहता येतं का?" त्या सहज विचारून गेल्या. येतं, म्हटलं, पण पाणी कुठाय? त्या हसल्या. मीही हसले. नेकनूरच्या एस.टी.त बसल्यावर मात्र हातांना आपोआप पाण्याची आठवण यायला लागली. बसच्या खिडकीतून भकास रानं मागं जात होती आणि मांडीवर माझे हात वल्ह्यासारखे हलत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

मग त्या वर्षी हस्त पडला. चार दिवसांत विहीर भरली.

बाईमाणसानं पन्नाशीला आल्यावर विहिरीत उडी घ्यायची म्हणजे गावाला महिनाभर विषय. म्हणून मी वेळ धरली दहाची. संस्थेचं संकलन झालेलं असायचं, गडीमाणसं रानात लांब किंवा बाजारात. लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालायचा आणि पायऱ्यांनी उतरायचं. पहिल्या दिवशी पाण्यात गळ्यापर्यंत नुसती उभी राहिले. पोहून पस्तीस वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी हात सोडला. अंग विसरलं नव्हतं. दम विसरला होता. विहिरीचा अर्धा वेढा घातला की छाती भरून यायची. पण गुडघे दुखत नव्हते, आणि कान पाण्याखाली गेले की घराचा तो शांतपणा, तीन खोल्यांत एकच माणूस राहिल्यावर जो होतो तो, ऐकू येत नव्हता. विहिरीतही एकटीच होते, पण ते एकटेपण निराळं. त्याला थंडावा होता.

आणि मामाचा नियम मी पाळत होते. सकाळी आठला गोळी घ्यायची, भाकरी मात्र पोहून आल्यावर. रिकाम्या पोटी पाण्यात. बी. कॉम. झालेल्या बाईला एवढं कळायला पाहिजे होतं, की गोळी साखर खाली ओढते, पोहणं आणखी खाली ओढतं, आणि पोटात तर काहीच नाही. पण लहानपणी पाठ केलेलं कधी तपासून बघायचं असतं, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

घट बसले. नवरात्राचे नऊ दिवस मी उपास धरते, दिवसभर काही नाही, रात्री भगर. आणि अनवाणी. त्या वर्षी वाटलं, बरंच झालं, साखर आपोआप उतरेल. गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, म्हणून गोळी घेतच होते. पहिली माळ गेली. दुसऱ्या माळेला जरा डोकं जड वाटलं, ते मी उन्हावर घातलं.

तिसऱ्या माळेला मी वेढा घालत होते. हात मारताना मोजायची मला सवय. सातपर्यंत मोजलं आणि आठ काही सापडेना. सातच्या पुढं काय असतं, ते मी पाण्यात आठवत बसले. ओठ बधिर झाले. पोटात खड्डा पडला. भिंतीतले दगड तिरके दिसायला लागले आणि पायऱ्या होत्या त्या जागेवर नव्हत्या. हाताला मोटारीचा पाइप लागला म्हणून मी वाचले. तो धरून सरकत सरकत पायरीवर आले आणि तिथं बसले. अंग गदागदा हलत होतं. केस सुटलेले. तोंडातून काय आवाज निघत होता, मला माहीत नाही. वर जायला पाहिजे हे कळत होतं. पण वर कुठल्या बाजूला, ते कळत नव्हतं.

गया तेव्हा शेजारच्या बांधावर गवत कापत होती. ही गया दर वर्षी नवऱ्याबरोबर जोडीनं, दोघांचा मिळून एक कोयता धरून, ऊसतोडीला जाणारी. तिची एक गाय होती, आणि तीन महिन्यांपूर्वी संस्थेच्या रांगेत सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं होतं, "यात पाणी आहे, घेऊन जा." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. आवाज ऐकून ती विहिरीच्या तोंडाशी आली. खाली तिला काय दिसलं? नवरात्राची तिसरी माळ, ओलीचिंब बाई, केस मोकळे, अंग घुमतंय. तिनं इळा टाकला, पायऱ्या उतरली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, चुकलं माकलं पदरात घे," असं काहीतरी ती म्हणत होती. मग हळूच, जवळ येऊन: "आई, एवढं सांग. धाकटी लेक सातवीला हाय. औंदा तिला संगं नेऊ, का मागं ठिवू?"

मला ते ऐकू येत होतं. खूप लांबून, डबा पाठीला बांधलेला असताना मामाचं बोलणं यायचं तसं. उत्तर द्यायला जीभ हलत नव्हती. आईला भोग पाहिजे असं वाटलं असेल तिला. सकाळच्या आरतीची खडीसाखर आणि खोबरं तिच्या पदराच्या गाठीत होतं. गाठ सोडून ती सगळी मूठ तिनं माझ्या तोंडात घातली.

ती खडीसाखर तोंडात विरघळताना मला अजून आठवते. आधी नुसती खडबडीत, मग गोड, मग जग हळूहळू आपल्या जागी येत गेलं. पायऱ्या सरळ झाल्या. पाइप पाइप झाला. सातच्या पुढं आठ आला. समोर गया हात जोडून बसलेली, डोळ्यांना धारा.

"गया," मी म्हटलं, "मला घरी ने."

ती मला धरून घरी घेऊन आली आणि मग गावात जाऊन सांगून आली.

संध्याकाळी माझं घर भरलं. चार वर्षांत एवढ्या बायका माझ्या ओट्यावर चढल्या नव्हत्या. कुणी नारळ आणला, कुणी खण. एकीनं न विचारता अंगण झाडलं, दुसरीनं दिवा लावला. रांगेत माझ्याकडं वाकड्या डोळ्यांनी बघणाऱ्या बायका वाकून पाया पडत होत्या. घरात बांगड्यांचा आवाज होता, झेंडूचा वास होता, कुणाचं तरी पोर चुलीपाशी रांगत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी गप्प बसले असते तर दर नवरात्रात माझं घर असंच भरलं असतं. बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण मला एक दिसत होतं. पुढच्या वेळी मी अशी थरथरले, तर या बायका माझ्या कपाळाला मळवट भरतील, ओवाळतील, आणि मी त्यांच्यासमोर, आरती चालू असताना, जाईन. दर वेळी कुणाच्या पदराला खडीसाखर असेल असं नाही.

मी उठून उभी राहिले. संस्थेत फॅट सांगते त्याच आवाजात म्हटलं, "माझ्या अंगात देवी आली नव्हती. मला शुगर आहे. तीन वर्षं झाली. गोळी घेऊन उपाशी पोहायला गेले, साखर उतरली, म्हणून अंग कापत होतं."

पोराला आईनं उचलून घेतलं.

एक म्हातारी म्हणाली, "असं बोलू ने, बाई. कोप व्हतो."

"कोप नाही, काकू. औषध आहे त्याला."

"अन् तीन वरसं आमास्नी उपास उपास म्हनत व्हतीस ते?" दुसरीनं विचारलं.

मग जिनं दिवा लावला होता तिनं आपला नारळ उचलला. देवीचा नारळ शुगरवाल्या बाईच्या घरी कशाला ठेवायचा? ती गेली तसं एकेक उठलं. निघताना कुणी रागावलं नव्हतं, हेच वाईट होतं. बाजारात चुकीच्या दुकानात शिरल्यावर माणसं निघतात, तशा त्या निघाल्या.

गया तेवढी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मंग मी कुनाच्या पाया पडले?"

"माझ्या."

"माझ्या दुधात पानी काढलं तिच्या?"

"हो."

"लई वंगाळ झालं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या लक्षात आलं. "अन् ते लेकीचं इचारलं, ते?"

"ते देवीला माहीत. मला विचारशील तर ठेव तिला मागं. शाळा सोडू नको."

"तुमाला न्हाई इचारलं मी," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री घर आधीपेक्षा रिकामं वाटलं. झाडलेलं अंगण तेवढं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बीड गाठलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. उपास धरायचाच होता तर गोळीचं विचारायचं होतं, म्हणाल्या. टेबलावर पाय ठेवायला लावला तर टाचेत बाभळीचा काटा. दोन दिवसांचा तरी असेल. मला कळलाही नव्हता. "हे बघितलंत? अनवाणी आजपासून बंद. विहिरीच्या पायरीपर्यंत चप्पल." मग त्यांनी साखर मोजायचं मशीन दिलं. पाण्यात उतरायच्या तासभर आधी खायचं, उतरण्याआधी मोजायचं, बाहेर आल्यावर मोजायचं, दुपारी पुन्हा एकदा, कारण साखर मागाहूनही उतरते. साखरेची पुडी काठावर हाताशी. कापरं भरलं की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं. "आणि एकटं पोहायचं नाही. कुणीतरी काठावर पाहिजे, ज्याला हे सगळं माहीत आहे."

बाकी सगळं सोपं होतं.

बीडहून आल्यावर, चौथ्या माळेला, मी भाकरी खाल्ली. घटासमोर बसून, अर्धी भाकरी आणि वाटीभर दही. आईनं मरेपर्यंत एक माळ मोडली नव्हती. देवीकडं बघितलं नाही. ताटाकडं बघत जेवले.

दोन दिवस तशीच विहिरीवर जाऊन काठावर बसून परत आले. पाणी हिरवं, स्वच्छ, हलत सुद्धा नव्हतं. तिसऱ्या दिवशी बांधावर गया होती. मी तिच्याकडं गेले. आयुष्यात मी कुणाकडं काही मागायला गेले असेन असं मला आठवत नाही. अर्ज केले, मागितलं नाही.

"गया, तासभर काठावर बसशील का? मी पोहताना."

"कावून?"

"मी बुडू नये म्हणून."

तिनं इळा गवतात रोवला. "तुमी बुडल्याव संस्थेत फॅट कोन काढंल? दुसरा मानूस तर माझं दूध तसंच घेईल." आणि उठली.

मी बोटाला सुई टोचून थेंब काढला तेव्हा ती वाकून बघत होती. "आता तुमच्या रगताचं फॅट काढा. पानी निघालं तर सांगा." तिला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. मी तिला शिकवलं: "दोन आकडी आलं तर मी आधी खायचं. तीन आकडी आलं तर उतरायचं. पहिला आकडा तीन असला तरी उतरायचं नाही." ती मशीन हातात घेऊन गंभीरपणानं वाचायची. "एक, दोन, सहा. तीन आकडी. जावा." दोन आकडी आलं तर साखरेची पुडी माझ्यापुढं धरायची आणि मी खाईपर्यंत तोंडाकडं बघत राहायची. पाण्यातून मला तिचे पाय दिसायचे, पायरीवर लोंबणारे, टाचांना भेगा पडलेले. मी वेढ्याच्या पलीकडच्या बाजूला गेले की ती हाक मारायची, "हाय का न्हाई?" आणि मी "हाय," म्हणायचे. एवढंच बोलणं. पण दिवसातून दहा वेळा तू आहेस का असं विचारणारं माणूस मला कितीतरी वर्षांत नव्हतं.

गावात मात्र मी शुगरवाली झाले. हळदीकुंकवाला माझ्या हातावर तीळगूळ ठेवायचा की नाही म्हणून बायका घुटमळतात, शेवटी ठेवतच नाहीत. चहा कुणी विचारत नाही, बिनसाखरेचाही. आता उपासाचं खोटं सांगावं लागत नाही. खोटं बोलत होते तेव्हा चहा तरी समोर यायचा, असंही कधी मनात येतं.

ऊसतोडीच्या टोळ्या आता दिवाळीच्या तोंडावर निघतात, त्या निघाल्या की नेकनूरच्या आसपासची निम्मी घरं बंद होतात. गयाही जाते, अजून दर वर्षी. पाणी त्यानंतर चार-पाच महिने विहिरीत असतं. मी शेतात जाते, काठावर बसते, पारवे मोजते आणि परत येते. एकटी उतरत नाही. माझा पोहण्याचा मोसम पाणी आटण्यावर नाही, गयाच्या गाडीवर संपतो. यंदाही तो वीस-पंचवीस दिवसांचाच असेल. संस्थेत दोन-तीन बायकांना विचारून बघितलं. त्यांना कामं असतात. खरंच असतात.

आणि ती लेक. त्या वर्षी गयानं तिला सोबत नेलं. देवी काही बोललीच नव्हती, मग गयानं नवऱ्याचं ऐकलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती भांड्यांमध्ये बसली होती, मांडीवर करडू. आईजवळ बसली होती. मला वाईट वाटलं, आणि मला तिचा हेवाही वाटला, दोन्ही एकदमच. त्या दिवशी पायरीवर देवी होऊन मी एक शब्द बोलले असते तर ती शाळेत राहिली असती. कदाचित कुठल्यातरी मामाच्या विहिरीत, कान बुडवून. सात वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही की मी तिचं भलं केलं की वाटोळं. मी खरं बोलले, एवढंच मला ठाऊक आहे, आणि खरं बोलल्यानं दर वेळी कुणाचं तरी बरं होतंच असं नाही.

त्या वर्षी गाडी निघायच्या आदल्या दिवशी गया सकाळीच आली. तिला बांधाबांध करायची होती, तरी आली. थेंब काढला. "एक, तीन, चार," तिनं वाचलं. "जावा. आन् लवकर या, मला चुलीची माती काढायचीय." ऊन पाण्याच्या निम्म्यात आलं होतं. मी भिंतीच्या कडेनं हात मारत निघाले. सात झाले, आठ झाले, मोजणी कुठं तुटली नाही. पलीकडून तिची हाक आली की मी "हाय" म्हणत होते. दमले तेव्हा पायरी धरली नाही, पाठीवर पडून श्वास घेतला आणि पुन्हा वळले. बाहेर आले, अंग पुसलं, पायात चप्पल घातली, थेंब काढला.

त्या सकाळी मी विहिरीला अकरा वेढे घातले. बाहेर आले तेव्हा साखर एकशे नऊ होती. त्या मोसमात मी एकवीस दिवस पोहले, आणि पाण्यात मला पुन्हा कापरं भरलं नाही.